बफर केमॅलॉकचाच होता : एका यूएसबी ड्रायव्हरचं आणि त्याच्या मॅन्युअलचं प्रकरण

चेंबूरच्या एका कारखान्याच्या पंप हाउसमध्ये आमचं कंपन मोजणारं यंत्र बसवलेलं आहे. पंपाच्या बेअरिंगवर सेन्सर, सेन्सरपासून एक छोटी पेटी, पेटीतून यूएसबी केबल आणि केबलच्या टोकाला स्क्रीन असलेला बोर्ड. जुलैत या यंत्राने एका पंपाचं बेअरिंग गेल्याचा इशारा दिला. मेंटेनन्सवाल्यांनी पंप बंद केला, उघडला, बेअरिंग हातात घेऊन फिरवून पाहिलं. त्याला काहीच झालेलं नव्हतं. पंप पुन्हा बसवून होतो न होतो तोच दुसऱ्या पंपाबद्दल तसाच इशारा आला. भर पावसाळ्यात एकेक पंप उघडायला लावणारं यंत्र कुणालाच नको असतं, आणि त्यांनी ते आम्हाला फोनवर स्पष्ट सांगितलं.

दोष शेवटी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पेटीकडून डेटा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, सापडला. पण तो तिथे कसा आला याचा माग काढताना आम्ही पोहोचलो ते ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी असलेल्या मॅन्युअलपाशी. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे आणि तिथली तांत्रिक मॅन्युअलं माझ्याकडे असतात, म्हणून हे प्रकरण मी मॅन्युअलच्या बाजूने सविस्तर लिहिते आहे. ड्रायव्हरच्या चुकांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. त्या ड्रायव्हरच्या लेखकाने कोणतं पान उघडलं होतं आणि त्या पानावर काय होतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

यंत्र आणि त्याचा प्रवास

पेटी सेकंदाला २५,६०० सॅम्पल, म्हणजे कंपनाची मोजमापं, घेते. प्रत्येक सॅम्पल दोन बाइटचं. २५६ सॅम्पल झाली की ५१२ बाइटचं एक पॅकेट यूएसबीवरून पाठवते, म्हणजे सेकंदाला १०० पॅकेट. हाय-स्पीड यूएसबीच्या बल्क पॅकेटची कमाल मर्यादाही ५१२ बाइटचीच, त्यामुळे हिशेब सरळ बसतो.

सुरुवातीला ही पेटी कंट्रोल रूममधल्या साध्या पीसीला जोडलेली असायची. लिनक्स, इंटेलचा प्रोसेसर, आमचा स्वतःचा ड्रायव्हर. कित्येक वर्षं तक्रार नाही. पुढे पीसीच्या जागी हातात मावेल असा बोर्ड आला. त्यावर एआरएमचा कॉर्टेक्स-ए७ प्रोसेसर, आणि बोर्ड विकणाऱ्याने दिलेला लिनक्सचा ४.१९ कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा). ड्रायव्हर एकही ओळ न बदलता कंपाइल झाला, पेटी लावल्याबरोबर आकडे यायला लागले. टेबलावर तासन्‌तास चालवून पाहिलं, सगळं ठीक. मग बोर्ड चेंबूरला गेला.

बारा सॅम्पल

तपास ज्या मुलीकडे होता ती नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते आणि हा ड्रायव्हर तिने लिहिलेलाही नव्हता. लिहिणारे गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेले होते. ती वडाळ्याला गाडी बदलून चेंबूरला गेली आणि बोर्डवर साठलेला कच्चा डेटा घेऊन आली. त्यात तिला एक गोष्ट दिसली : कंपनाच्या आलेखात मधूनच एक टोक येतं, आणि ते टोक नेहमी पॅकेटच्या सुरुवातीलाच असतं. खराब बेअरिंगमध्ये गोळी खाचेवरून गेली की जो ठोका बसतो तो आलेखात बऱ्यापैकी असाच दिसतो. त्यामुळे इशारा देणाऱ्या सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याच्यापर्यंत जे पोहोचलं ते त्याने बरोबर वाचलं होतं.

टेबलावर मात्र दोष दिसत नव्हता. चेंबूरला आणि टेबलावर फरक काय, असं शोधताना लक्षात आलं की टेबलावर आम्ही फक्त डेटा वाचणारी स्क्रिप्ट चालवत होतो. चेंबूरला तिच्या जोडीला स्क्रीनचा प्रोग्राम होता, आणि तो दर सेकंदाला ड्रायव्हरला ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारायचा. टेबलावर तोही चालू केला आणि टोकं दिसायला लागली.

मग तिने पेटी चाचणी मोडमध्ये टाकली. या मोडमध्ये पेटी सेन्सर वाचत नाही, ओळीने चढते आकडे पाठवते. कुठला आकडा कुठे असायला हवा हे आधीच माहीत असल्याने बिघाड नेमका पकडता येतो. ज्या पॅकेटची सुरुवात ५१२०० ने व्हायला हवी होती त्याची सुरुवात ५०९४४ ने झाली होती. त्यापुढचे आकडे ५०९४५, ५०९४६ असे नीट चढत गेलेले. तेराव्या जागी एकदम ५१२१२, म्हणजे तिथून पुढे सगळं बरोबर. पहिले १२ आकडे २५६ ने मागे. २५६ म्हणजे बरोबर एक पॅकेट. थोडक्यात, नव्या पॅकेटच्या डोक्यावर जुन्या पॅकेटची पहिली बारा सॅम्पल बसलेली होती.

“ताई, हा हार्डवेअरचा घोळ असता तर कधी पाच, कधी वीस असे आले असते. दर वेळी बाराच कसे?” असं तिने मला विचारलं, आणि प्रश्न अगदी बरोबर होता.

उत्तर अनपेक्षितपणे हाती लागलं. कुठलं पॅकेट केव्हा आलं हे कळावं म्हणून तिने ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये (मेमरीत एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गठ्ठ्यात), बफरच्या (आलेलं पॅकेट उतरतं त्या जागेच्या) आधी, वेळ नोंदवणारं आठ बाइटचं एक फील्ड घातलं. पुन्हा चालवलं तर बिघडलेली सॅम्पल बारावरून आठावर आलेली! आठ बाइट वाढवले, चार सॅम्पल सुधारली. म्हणजे बिघाडाची सीमा पॅकेटशी बांधलेली नव्हती, ती मेमरीतल्या पत्त्याशी बांधलेली होती. स्ट्रक्चर मोजलं : नवं फील्ड सोडून बफरच्या आधी ४० बाइट. चाळीस आणि बारा सॅम्पलचे चोवीस मिळून ६४. कॉर्टेक्स-ए७ च्या डेटा कॅशची (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीची) एक लाइन ६४ बाइटचीच असते.

नेमकं काय होत होतं

प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट उचलत नाही, अख्खी लाइन कॅशमध्ये आणतो. त्यातल्या एका फील्डमध्ये काही लिहिलं तरी ‘बदललेली’ ठरते ती अख्खी लाइन, आणि परत मेमरीत जाते तीही अख्खी. यूएसबी कंट्रोलर मात्र डीएमएने, प्रोसेसरला न विचारता, थेट मेमरीत लिहितो.

हजेरीच्या वहीचं एक पान दोघे वापरतायत असं समजा. पहिल्याने पानाची प्रत घरी नेली आणि तिच्यात स्वतःची ओळ भरली. तेवढ्यात दुसऱ्याने मूळ पानावर आपल्या ओळी भरल्या. सकाळी पहिल्याने आपली प्रत मूळ पानाच्या जागी लावली. दुसऱ्याचं लिखाण गेलं, आणि दोघांनीही एकमेकांच्या ओळीला हात लावलेला नव्हता.

आमच्या ड्रायव्हरमध्ये हेच घडत होतं. स्ट्रक्चरच्या डोक्यावर काही पॉइंटर (मेमरीतले पत्ते) होते आणि ‘स्टेटस किती वेळा विचारला’ याचा एक मोजक होता. लगेच खाली बफर. ड्रायव्हरने बफर यूएसबीकडे सोपवला की कर्नल त्या भागातली कॅश साफ करतो आणि पॅकेटची वाट पाहतो. ही वाट सुमारे दहा मिलिसेकंदांची. त्या दरम्यान स्क्रीनच्या प्रोग्रामने स्टेटस विचारला तर मोजक एकने वाढतो. त्यासाठी ती लाइन कॅशमध्ये येते, आणि तिच्यासोबत बफरचे पहिले २४ बाइटही येतात, अर्थात जुन्या पॅकेटचे. मग नवं पॅकेट मेमरीत उतरतं. काम संपल्यावर बफर परत घेताना कर्नल कॅशमधल्या लाइन रद्द करतो. पण काठावरची लाइन नुसती रद्द करता येत नाही, कारण तिच्यात दुसऱ्याच फील्डचा ताजा बदल असू शकतो. म्हणून ती आधी मेमरीत लिहिली जाते. मोजक वाचतो आणि त्याच्या पाठोपाठ जुनी बारा सॅम्पल नव्यांवर जाऊन बसतात.

बफरच्या शेपटीकडेही अशी सामाईक लाइन होती. तिथली फील्डं पेटी जोडताना एकदाच भरली जायची, नंतर फक्त वाचली जायची, म्हणून शेवटची सॅम्पल कधी बिघडली नाहीत.

पीसीवर यातलं काहीच का झालं नाही? एक्स८६ मध्ये, म्हणजे इंटेलच्या पीसी प्रोसेसरांच्या घराण्यात, डीएमए आणि कॅश यांचा मेळ हार्डवेअरच ठेवतं. डिव्हाइसने मेमरीत लिहिलं की प्रोसेसरच्या कॅशला ते कळतं. अनेक एआरएम बोर्डांवर ही जबाबदारी सॉफ्टवेअरची असते. ड्रायव्हर पीसीवरही चुकीचाच होता, फक्त तिथे ती चूक दिसायला वाव नव्हता.

दुरुस्ती छोटी होती. बफर स्ट्रक्चरमधून बाहेर काढला आणि केमॅलॉकने, म्हणजे कर्नलकडे मेमरी मागायच्या फंक्शनने, वेगळा घेतला. या प्रोसेसरवर केमॅलॉक कॅश लाइनच्या हिशेबानेच जागा देतो, त्यामुळे शेजारी कुणी उरत नाही. स्टेटस सतत विचारणारा प्रोग्राम आणि चाचणी मोड रात्रभर चालवले. एकही आकडा मागे पडला नाही.

पानावर काय होतं

इथपर्यंतचं प्रकरण अनुभवी ड्रायव्हरवाल्यांना ओळखीचं वाटेल. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

जुन्या कोडमध्ये, स्ट्रक्चरमध्ये जिथे बफर घातला होता, तिथे आधीच्या इंजिनियरने एक कॉमेंट लिहून ठेवली होती. तिचा अर्थ असा : स्ट्रक्चर केझॅलॉकने (शून्यं भरून देणाऱ्या केमॅलॉकने) घेतलेलं आहे, म्हणून बफर डीएमएला चालतो. म्हणजे त्या माणसाने निष्काळजीपणा केला नव्हता. नियम त्याला माहीत होता, त्याने तो पाळला होता, आणि पाळल्याची नोंदही ठेवली होती.

हा नियम त्याने कुठे वाचला असेल ते शोधायला अवघड नव्हतं. त्याने यूएसबीचं काम भरायला यूएसबी_फिल_बल्क_यूआरबी हे फंक्शन वापरलं होतं. ४.१९ च्या डॉक्युमेंटेशनमध्ये या फंक्शनच्या नोंदीत बफरबद्दल एवढंच आहे : ट्रान्सफर बफरचा पॉइंटर. अट नाही, इशारा नाही. अट आहे ती दुसऱ्या ठिकाणी, यूआरबी (यूएसबीकडे सोपवायचं काम) या स्ट्रक्चरच्या वर्णनात. तिथे म्हटलं आहे की बफर डीएमएला योग्य असला पाहिजे, तो केमॅलॉकने किंवा तशाच मार्गाने घ्या. त्याने ही अट नक्की वाचली होती, कॉमेंटमधले शब्दच ते सांगतात. आणि अक्षरशः पाहिलं तर त्याचा बफर केमॅलॉकचाच होता, एका मोठ्या केमॅलॉकच्या पोटातला.

कारण तिसऱ्या ठिकाणी आहे. डीएमएवरच्या मार्गदर्शक मजकुरात ‘कुठली मेमरी डीएमएला चालते’ असा एक भाग आहे. त्यात, कंसात, नेमका आमचा बिघाड लिहून ठेवला आहे : प्रोसेसर एका शब्दात लिहील, डीएमए त्याच कॅश लाइनमधल्या दुसऱ्या शब्दात लिहील, आणि दोघांपैकी एकाचं लिखाण पुसलं जाईल. डीएमए फंक्शनांच्या संदर्भ मजकुरातही ठळक इशारा आहे की सोपवलेला भाग कॅश लाइनच्या सीमेवरच सुरू झाला आणि सीमेवरच संपला पाहिजे. पण आमच्या ड्रायव्हरने डीएमएचं एकही फंक्शन स्वतः बोलावलेलं नव्हतं. ते काम यूएसबीचा गाभा (कर्नलमधला यूएसबीचा सामाईक कोड) पडद्यामागे करतो. जे फंक्शन आपण बोलावतच नाही त्याचं पान कोण कशाला उघडेल?

कर्नलमध्ये यूएसबी ड्रायव्हरचा एक नमुना दिलेला असतो, नवे लोक तो समोर ठेवूनच सुरुवात करतात. त्यात बफर वेगळ्या केमॅलॉकने घेतलेला आहे, अगदी योग्य. पण तो वेगळा का घेतला याबद्दल एक अक्षर नाही. नमुना वाचणाऱ्याला तो वेगळा केमॅलॉक म्हणजे लेखकाची सवय वाटू शकते. आमच्या इंजिनियरला तो फालतू वाटला असावा. दोनदा मेमरी मागायची, दोनदा तपासायची, दोनदा सोडायची, त्यापेक्षा एकदाच. कोड सुटसुटीत झाला. कोणत्याही रिव्ह्यूमध्ये असा बदल मान्य झाला असता.

म्हणून या प्रकरणातलं माझं म्हणणं असं : मॅन्युअलने त्याला कृती सांगितली, कारण सांगितलं नाही. ‘केमॅलॉकने घ्या’ ही कृती आहे. ‘बफरच्या कॅश लाइनमध्ये दुसरं काहीही असू नये’ हे कारण आहे. कृती अक्षरशः पाळूनही कारण मोडता येतं, आणि इथे तेच झालं.

कोड जे तपासू शकत नाही

आमच्या सीनियर सरांचं पहिलं मत असं होतं की असल्या गोष्टी मॅन्युअलवर सोडूच नयेत, कोडनेच पकडाव्यात. मत योग्य आहे, आणि कर्नल जमेल तेवढं करतोही. स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेतला) बफर दिला तर यूएसबीचा गाभा तो नाकारतो आणि लॉगमध्ये तसं लिहितो. व्हीमॅलॉकचा (विखुरलेले तुकडे जोडून मेमरी देणाऱ्या फंक्शनचा) दिला तरी नाकारतो. हे दोन्ही पत्त्यावरून ओळखता येतं.

पण स्ट्रक्चरच्या पोटातला बफर पत्त्यावरून ओळखता येत नाही. फंक्शनच्या हातात एक पॉइंटर आणि एक लांबी येते. त्या पॉइंटरच्या चोवीस बाइट आधी काय आहे, आणि त्यात कोण केव्हा लिहिणार आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. कर्नलमधली डीएमए तपासणी चालू केली तर एकाच लाइनवर दोन डीएमए सोपवले गेल्यास ती ओरडते. आमच्याकडे डीएमए एकच होता, लाइनमधला दुसरा भागीदार साधा मोजक होता. ती गप्पच राहिली असती. असल्या जागी यंत्राची तपासणी संपते आणि माणसाने माणसासाठी लिहिलेलं वाक्य एवढाच आधार उरतो. ते वाक्य कुठे लिहायचं आणि कसं लिहायचं, हे म्हणून तेवढंच काटेकोरपणे ठरवायला हवं.

दुसऱ्यांनी काय केलं आहे

ड्रायव्हरची मॅन्युअलं हा तसा जुना प्रांत आहे. युनिक्सच्या मॅन पेजेसमध्ये (सिस्टिमसोबत येणाऱ्या मॅन्युअलच्या पानांत) सोलारिस या युनिक्सने नववा विभाग ड्रायव्हरवाल्यांसाठी ठेवला : ९ई मध्ये ड्रायव्हरने पुरवायची फंक्शनं, ९एफ मध्ये कर्नल पुरवतो ती, ९एस मध्ये स्ट्रक्चर. ९एफ च्या पानांवर ‘कॉन्टेक्स्ट’ असं स्वतंत्र शीर्षक असतं आणि त्याखाली हे फंक्शन कुठून बोलावता येतं ते लिहिलेलं असतं : यूजर, कर्नल की इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला मधेच थांबवलं तेव्हा). विंडोजच्या ड्रायव्हर मॅन्युअलमध्ये बहुतेक फंक्शनांच्या खाली आयआरक्यूएल (इंटरप्टची पातळी) ची ओळ असते, काम तेच. लिनक्सच्या कर्नल-डॉक पद्धतीतही ‘कॉन्टेक्स्ट’ची जागा आहे, ती भरली जाते की नाही हा भाग वेगळा.

या एका शीर्षकाने किती मशीनं बंद पडण्यापासून वाचवली असतील याचा हिशेब कुणी मांडणार नाही, पण ते शीर्षक मला फार मोलाचं वाटतं. इंटरप्टमध्ये झोपणारं, म्हणजे वाट पाहत थांबणारं, फंक्शन बोलावू नये हे प्रत्येक इंजिनियरला शिकवलेलं असतं. कोणतं फंक्शन झोपतं हे मात्र त्या त्या पानावरच लिहिलेलं असावं लागतं. या धंद्याने ते ओळखलं आणि त्यासाठी पानावर कायमची जागा केली.

मेमरीच्या अटीला अशी जागा नाही. सोलारिसमध्ये ती वेगळ्या वाटेने सांभाळली गेली. तिथे डीएमएसाठी मेमरी मागायचं फंक्शनच वेगळं आहे, आणि मागितली त्यापेक्षा प्रत्यक्षात किती दिली हेही ते परत सांगतं, कारण सीमा जुळवताना जास्त द्यावी लागू शकते. ते पान वाचणाऱ्याच्या मनात ‘सीमा कसली?’ हा प्रश्न आपोआप येतो. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिममध्ये बस_डीएमए चं मॅन पेज लांबलचक आहे, आणि बफर केव्हा प्रोसेसरचा आणि केव्हा डिव्हाइसचा हे त्यात वाचण्याआधी-वाचल्यानंतर, लिहिण्याआधी-लिहिल्यानंतर अशा चार पायऱ्यांत मांडलं आहे. ते पान एकदा नीट वाचलेला माणूस बफरकडे पुन्हा पहिल्यासारखा पाहत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मला लिनक्सच्याच आयआयओ विभागात सापडलं. आपल्या पेटीत असतात तसल्या एडीसी (सेन्सरचा संकेत आकड्यांत बदलणाऱ्या) चिपांचे ड्रायव्हर तिथे राहतात. त्यातल्या कितीतरी ड्रायव्हरमध्ये बफर स्ट्रक्चरच्या आतच आहे, आणि तरी ते बरोबर आहेत. बफर शेवटी ठेवलेला असतो, कॅश लाइनच्या सीमेवर आणलेला असतो, आणि त्याच्या डोक्यावर एक छोटी कॉमेंट असते की डीएमएसाठी, म्हणजेच कॅशचा मेळ राखण्यासाठी, ट्रान्सफर बफर स्वतःच्या कॅश लाइनमध्ये असावे लागतात. ही कॉमेंट ड्रायव्हरमागून ड्रायव्हरमध्ये उतरवली गेली आहे. पुढे सीमा जुळवायला वापरलेला मॅक्रो (कोडमधलं तयार सूत्र) अपुरा ठरला. तो पहिल्या पातळीच्या कॅशवरून हिशेब करायचा, तर ६४ बिटांच्या एआरएमवर डीएमएसाठी कर्नल १२८ बाइटची सीमा धरायचा. मग आयआयओवाल्यांनी स्वतःचा वेगळा मॅक्रो आणला आणि ड्रायव्हरमागून ड्रायव्हर बदलत नेले. कृती बदलली. कॉमेंटमधलं कारण तसंच्या तसं खरं राहिलं.

आमच्या मॅन्युअलमध्ये केलेले बदल

आमच्या ड्रायव्हरांचं अंतर्गत मॅन्युअल कोडमधल्या कॉमेंटवरूनच तयार होतं, लिनक्समध्ये २०१६ पासून स्फिंक्स या साधनाने जसं होतं तसंच. प्रत्येक फंक्शनच्या आणि स्ट्रक्चरच्या पानावर आम्ही ‘मेमरी’ असं एक शीर्षक कायमचं घातलं. बफर घेणाऱ्या प्रत्येक पानावर ते भरलंच पाहिजे, रिकामं ठेवायचं तर ‘लागू नाही’ असं लिहावं लागतं. उदाहरण म्हणून पॅकेट वाचण्याच्या फंक्शनखालचा मजकूर देते :

“मेमरी : बफर बोलावणाऱ्याने द्यायचा. काम सोपवल्यापासून ते पूर्ण झाल्याचा कॉलबॅक येईपर्यंत तो डिव्हाइसच्या ताब्यात असतो. त्या काळात त्याला हात लावू नये. बफरचा पहिला किंवा शेवटचा बाइट ज्या कॅश लाइनमध्ये येतो तिच्यात दुसरं कोणतंही फील्ड असू नये, कारण त्या फील्डमध्ये लिहिलं तर डिव्हाइसने दिलेला डेटा पुसला जातो. पीसीवर हा बिघाड दिसत नाही, एआरएम बोर्डवर दिसतो. सोपा मार्ग : वेगळा केमॅलॉक. केमॅलॉकने घेतलेल्या स्ट्रक्चरच्या आत बफर असणं पुरेसं नाही.”

शेवटच्या वाक्यावर वाद झाला. सर म्हणाले, “तुम्ही एका जुन्या चुकीला उत्तर देताय. मॅन्युअल म्हणजे तक्रारींची वही नव्हे. कारणं गाइडमध्ये जाऊ द्यात, संदर्भाचं पान आखूडच हवं.” त्यांची काळजी खरी आहे. एकच कारण वीस पानांवर लिहिलं की त्यातली पाच पुढे जुनी होतात, आणि खोटं सांगणारं पान कोऱ्या पानापेक्षा वाईट. २००५ सालचं, २.६.१० कर्नलवर बेतलेलं पुस्तक हाताशी धरून आजही मुलं ड्रायव्हर शिकतात आणि त्यातली टायमरची किंवा आयओसीटीएलची पद्धत आता कंपाइलही होत नाही, हे आम्ही दोघांनी पाहिलेलं आहे.

तरी ते वाक्य मी ठेवलं. संदर्भाचं पान कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही. हातातलं काम अर्धवट सोडून, एका फंक्शनचं नाव शोधून माणूस तिथे येतो, हवी ती ओळ पाहतो आणि परत जातो. गाइड वाचायची वेळ त्याच्या डोक्यात त्या क्षणी नसते. त्यामुळे अट आणि तिचं एका वाक्यातलं कारण त्याच पानावर हवं. सविस्तर खुलासा एकाच ठिकाणी असू दे, बाकीच्या पानांवरून तिकडे दुवा असू दे. यावर आमचं एकमत झालं, आणि कर्नलवाल्यांनीही पुढे साधारण असंच केलं आहे. नव्या आवृत्त्यांमध्ये यूएसबी_फिल_कंट्रोल_यूआरबी च्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं सापडतं की बफर कितीही लहान असला तरी केमॅलॉकने घेणं सगळ्यात सोपं, आणि तो मोठ्या स्ट्रक्चरमध्ये घातला तर कॅशच्या विसंगतीमुळे बफर स्वतः, त्याच्या आधीची आणि नंतरची फील्डं बिघडू शकतात. बल्कच्या फंक्शनचं पान त्या नोंदीकडे बोट दाखवतं. ही ओळ वाचल्यावर आमच्या मुलीने ती सरांना जाऊन दाखवली. ते हसून म्हणाले, “अगं, मग हेच आपल्या पानावर घे ना.” आमच्या बोर्डवर मात्र ४.१९ आहे आणि त्याच्यासोबतचं डॉक्युमेंटेशनही ४.१९ चंच, म्हणून हा मजकूर आम्ही स्वतःच्या मॅन्युअलमध्ये उतरवून घेतला.

आणखी एक बदल मी आग्रहाने करून घेतला. मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रत्येक नमुना कोडमध्ये, जिथे एखादी गोष्ट सहज वगळता येईल अशी दिसते पण वगळून चालत नाही, तिथे त्याच ओळीला कॉमेंट हवी. वेगळा केमॅलॉक, एखादं लॉक, एखादं मेमरी बॅरियर, काम रद्द करण्याचा ठरावीक क्रम. सुटसुटीत कोड लिहायची हौस असलेल्या चांगल्या इंजिनियरचा हात आधी अशाच ओळींकडे जातो.

चेंबूरच्या बोर्डवर दुरुस्त ड्रायव्हर गेल्यापासून पंप उघडावा लागलेला नाही. टेबलावरच्या चाचणीत आता स्क्रीनचा प्रोग्राम आणि चाचणी मोड दोन्ही नेहमी चालू असतात. आमच्या बाकी ड्रायव्हरांपैकी एसपीआयवरच्या (बोर्डवर चिपा जोडायच्या एका पद्धतीवरच्या) दोन चिपांच्या पानांवर ‘मेमरी’ अजून भरायची आहे. एसपीआयच्या ट्रान्सफरच्या वर्णनात कर्नल फक्त ‘डीएमएला सुरक्षित मेमरी’ असं म्हणतो, आणि त्या तीन शब्दांखाली आमच्या पानावर नेमकं काय लिहायचं यावर या आठवड्यात बसायचं ठरलं आहे.